सरकारचा वकील

धानोऱ्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाचा मुलगा वकील झाला आणि पुढे भारत सरकारचा वकील झाला. गावाला त्याचे फार अप्रूप वाटले. गडचिरोलीहून पूर्वेला मुरुमगावकडे आणि तिथून छत्तीसगडात जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. भोवताली सागाचे, बांबूचे, मोहाचे जंगल आणि जंगलात गोंडांची लहान लहान गावे. इथल्या माणसाने सरकार पाहिले ते बहुतेक नाकेदाराच्या आणि पटवाऱ्याच्या रूपात. त्या सरकारच्या वतीने मुंबईच्या कोर्टात बोलणारा माणूस आपल्याच शाळेत शिकला, ही गोष्ट बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर पुष्कळ दिवस सांगितली जात होती.

त्याचे नाव इथे देत नाही. तो कथेतला माणूस आहे आणि त्याच्यासमोर आलेली बाईही कथेतलीच. मात्र ती दोघे ज्या नियमांत, निकालांत आणि गावांत वावरतात ते सगळे खरे आहे. म्हणूनच ही कथा सांगावीशी वाटली.

नागपुरात त्याचे वकिलीचे शिक्षण झाले. एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली फायली उचलता उचलता तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात उभा राहू लागला. केंद्र सरकारच्या वकिलांच्या यादीत नाव लागले तेव्हा त्याच्या वाट्याला लष्कराच्या पेन्शनची प्रकरणे आली. ती कोणाला नको असत. फी थोडी, फायली जाड आणि समोर उभा राहणारा माणूस म्हातारा, अपंग किंवा एखादी विधवा. त्याने ती घेतली आणि त्यात हात बसवला. २००७ साली सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला, २००९ मध्ये न्यायाधिकरण सुरू झाले आणि उच्च न्यायालयांत पडून असलेली अशी प्रकरणे तिकडे वर्ग होऊ लागली. महाराष्ट्राचे खंडपीठ मुंबईला. वकील विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईच्या वाऱ्या करू लागला.

कामाची रीत ठरलेली होती. सैनिकाने अपंगत्वाची पेन्शन मागितलेली असे. सरकारकडून फाईल येई आणि तिच्यासोबत रेकॉर्ड ऑफिसने तयार केलेले परिच्छेदवार उत्तर येई. वकिलाने त्याचे शपथपत्र करायचे आणि दाखल करायचे. त्या उत्तरात दोन गोष्टी जवळजवळ नेहमी असत. एक म्हणजे मेडिकल बोर्डाचे वाक्य: हा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. दुसरी म्हणजे अर्जदार फार उशिरा आला आहे, ही हरकत. एवढ्यावर माणसांची पेन्शन अडून राही. पुष्कळदा बोर्डाने ते वाक्य का लिहिले याचा एक शब्दही कागदावर नसे, आणि तरी त्याला वेदवाक्याचा मान असे.

सगळेच दावे खरे होते असेही नाही. सुट्टीवर गावी आलेला जवान दारू पिऊन मोटारसायकलवरून पडला आणि सेवेतली दुखापत म्हणून पेन्शन मागायला आला, अशीही प्रकरणे वकिलाने पाहिली. तिथे त्याने जीव ओतून विरोध केला, आणि माझ्या मते तो योग्यच केला. जनतेचा पैसा राखणे हे सरकारी वकिलाचे कामच आहे. अडचण अशी की खऱ्या आणि खोट्या दाव्याला तो तेच दोन मुद्दे सांगत असे, आणि दोन्ही ठिकाणी जिंकत असे. जिंकणारा वकील म्हणून त्याचे नाव झाले. नाव झाले की फायली वाढतात, आणि फायली वाढल्या की वाचणे कमी होते.

त्याच्या कपाटात १९८२ सालच्या दोन गोष्टी होत्या. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्हा विभागून गडचिरोली जिल्हा झाला, म्हणून ते वर्ष त्याच्या लक्षात राहिलेले. पहिली गोष्ट म्हणजे नाकारा खटल्याचा निकाल. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो दिला. त्या पीठाच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड, आणि निकालपत्र लिहिले न्या. देसाई यांनी. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, माणसाने आधीच केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असे त्या निकालाने सांगितले. देशभरचे पेन्शनर आजही १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात. दुसरी गोष्ट होती सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनच्या हक्कांची त्याच वर्षीची नियमावली. नाकारा निकाल त्याला जवळजवळ पाठ होता, भाषणांत तो सांगतही असे. नियमावलीतला मात्र फाईलमध्ये दिलेला असेल तेवढाच नियम तो काढून बघे.

एका सकाळी मुंबईच्या खंडपीठाबाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली त्याला दिसली. गुडघ्यापर्यंत नेसलेले लुगडे, हातांवर गोंदण, मांडीवर खताच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. शेजारी तिचा नवरा. त्याच्या कपाळावर आणि उजव्या हातावर भाजल्याचे जुने डाग होते. काळा कोट बघून बाई उठली.

“बाबू, सरकारचा वकील कोनता जी? त्याले भेटाचं हाय.”

ती बोली त्याने कित्येक वर्षे कोर्टात ऐकली नव्हती. त्याने विचारले, “कोण्या गावच्या तुम्ही, मावशी?”

“मुरुमगावच्या अंगाले. धानोरा तालुका.”

“आणि सरकारच्या वकिलाशी काय काम?”

“तोच आमची केस सांगन ना. आमचा मानूस सरकारचा शिपाई होता. तं सरकारचा वकील आमचाच झाला ना जी?”

वकिलाने फाईलवरचे नाव पाहिले. त्या दिवशीच्या यादीतले तिसरे प्रकरण यांचेच होते. तो म्हणाला, “मावशी, सरकारचा वकील मीच आहो. पण मी तुमच्या बाजूचा नाही, मी तुमच्या विरुद्ध आहो. तुमचा वकील वेगळा आहे.”

बाईने त्याच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला खरोखरच समजत नव्हते. “विरुद्ध कायले जी? आमी सरकारचं काय बिघडवलं?”

तेवढ्यात तिचा वकील आला. विधी सेवेमार्फत नेमलेला तरुण मुलगा, घाईत, हातात चार फायली. आत पुकारा झाला. सरकारच्या वकिलाने उभे राहून मुदत मागितली. उत्तर तर दाखल आहे, मग मुदत कशाला, असे खंडपीठाने विचारले. नियम पाहायचे आहेत, एवढेच तो म्हणाला.

बाईचा प्रश्न अडाणीपणाचा होता असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. तिचा हिशेब सरळ होता. नवरा सरकारसाठी बंदूक घेऊन उभा राहिला, त्यात आजारी पडला, तर सरकारच्या नावाने बोलणाऱ्याने त्याच्यासाठीच बोलायला हवे. या हिशेबात चूक कुठे आहे ते कायद्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाने दाखवून द्यावे. वकिलाला ती दाखवता आली नाही.

नागपूरला परतल्यावर त्याने फाईल पहिल्या पानापासून वाचली.

हा जवान ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भरती झाला होता. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, तिथे त्याचे प्रशिक्षण झाले. भरतीच्या वेळी लष्कराच्या डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासून तो निरोगी असल्याचे लिहिले होते, मिरगीची कसलीही नोंद नव्हती. कित्येक वर्षे नोकरी झाल्यावर लडाखच्या नेमणुकीत त्याला पहिला झटका आला. मग लष्करी रुग्णालय, औषधे, पुन्हा झटके. शेवटी मेडिकल बोर्ड बसले. अपंगत्व २० टक्के, कायमचे. आजाराचे कारण: प्रकृतिजन्य, सेवेशी संबंध नाही. असे का, याचे स्पष्टीकरण नाही. दहा वर्षांची नोकरी पूर्ण व्हायला थोडे महिने कमी पडत होते, म्हणून साधी इनव्हॅलिड पेन्शनही बसत नव्हती. ग्रॅच्युइटीचे थोडे पैसे आणि डिस्चार्ज बुक घेऊन नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो गावी आला.

मागाहून टपालाने पत्र आले. दावा नामंजूर, सहा महिन्यांत अपील करता येईल. पत्र इंग्रजीत होते. गावात घरोघरी गोंडी बोलतात, बाजारात झाडीबोली, आणि शाळेत मराठी. इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते. सरकारी शिक्का आहे म्हणजे कागद मोलाचा असणार, एवढे ओळखून बाईने तो खताच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवला. सहा महिने गेले, मग वर्षे गेली. पावसाळ्यात घर गळले की ती आधी पिशवीची जागा बदलायची. नवऱ्याला झटके येत राहिले. गावाने त्याला पुजाऱ्याकडे नेले, कोंबडे कापले. एकदा तो शेकोटीत पडला. मोहफुले वेचून, तेंदूपत्ता तोडून, धानाच्या रोवणीला जाऊन बाईने घर चालवले आणि त्याला सांभाळले. पुढे गावात आलेल्या एका मास्तरांनी ते पत्र वाचले तेव्हा पहिल्यांदा तिला कळले की आपल्याला ‘नाही’ म्हटले गेले होते आणि त्यावर भांडायची सोयही होती.

वकिलाने मग १९८२ ची नियमावली काढली आणि यावेळी फाईलमध्ये न दिलेले नियमही वाचले. पाचवा नियम, नववा नियम, चौदावा नियम. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही आणि ज्या आजाराने पुढे माणसाला सेवेतून जावे लागले, तो आजार सेवेतच उद्भवला असे सामान्यतः धरायचे. तो भरतीच्या तपासणीत कळण्यासारखा नव्हता असे बोर्डाचे मत असेल, तर बोर्डाने कारण लिहायचे. हक्क सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकायचा नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा सैनिकाला द्यायचा, आणि प्रत्यक्ष रणक्षेत्रातल्या सेवेचा प्रश्न असेल तर तो अधिक सढळ हाताने द्यायचा. हे सगळे सरकारने स्वतः लिहिलेले होते. फायलींमध्ये मात्र यातले काही येत नव्हते, आणि त्यानेही इतकी वर्षे मागितले नव्हते.

त्याच सुमारास, २ जुलै २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग खटल्याचा निकाल आला. तोही शिपाईच, त्यालाही झटक्यांचाच आजार, त्यालाही २० टक्के अपंगत्व आणि तेच वाक्य. न्यायालयाने ही नियमावली ओळीओळीने वाचली आणि कारण न देता लिहिलेले बोर्डाचे मत बाजूला ठेवून त्या शिपायाला पेन्शन दिली. निकाल नवा होता. त्यात वाचलेले नियम तीस वर्षांचे जुने होते.

दिवाळीला वकील धानोऱ्याला आला. गावापासून जवळच, गडचिरोली रस्त्यावर मेंढा (लेखा) आहे. या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या अशा हक्कांत त्याची गणना होते. तो मिळाला त्याच्या कितीतरी आधीपासून गावकरी अभ्यासगट करून कायदे वाचत आले होते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. शिकलेल्या माणसाकडून कायदा ऐकून घ्यायचा, प्रत्येक कलमाचा अर्थ विचारायचा आणि मग ठरवायचे, अशी तिथली रीत. ठरवायचे तेही सर्वसहमतीने. एकाचेही मन मानत नसेल तर विषय थांबतो.

वकील त्या ग्रामसभेत मागे जाऊन बसला. बांबूचा काही विषय होता. एका म्हाताऱ्याचे समाधान होईना. त्याला दोनदा, तीनदा समजावले गेले, तरी तो मान हलवेना. सभेने विषय पुढच्या बैठकीवर टाकला. कोणी वैतागले नाही, कोणी हात वर करून मते मोजली नाहीत. गावाच्या वतीने जो माणूस मांडणी करत होता, तो त्या म्हाताऱ्याचे म्हणणेही तितक्याच नीट मांडत होता, कारण म्हातारा गावातलाच होता. वकील बराच वेळ त्या मांडणी करणाऱ्याकडे बघत राहिला.

नागपूरला येऊन त्याने आपल्या अशिलाला, म्हणजे सरकारला, लेखी अभिप्राय दिला. भरतीच्या वेळची नोंद, बोर्डाचे कारण न देता लिहिलेले मत, तीन नियम, धरमवीर सिंग निकाल, सगळे मांडले. १९७३ साली दिलबाग राय जेरी खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी सरकारला बजावले होते की साध्या माणसाविरुद्ध खटला लढताना सरकारने वाटेल तसे जिंकण्याच्या मागे लागू नये, प्रामाणिक पक्षकारासारखे वागावे. तो दाखलाही जोडला. सरकार हे जबाबदार पक्षकार असले पाहिजे असे म्हणणारे केंद्राचे २०१० चे खटल्यांविषयीचे धोरणही जोडले. शेवटी लिहिले, हा दावा लढवू नये.

उत्तर दोन ओळींचे आले. दाखल केलेल्या शपथपत्राप्रमाणे विरोध करावा.

सोबतच्या वकिलांनी सल्ला दिला की प्रकरण परत करून मोकळे व्हावे. त्याने तोही विचार केला. पण प्रकरण परत केले तर ते दुसऱ्या टेबलावर जाईल, आणि तिथे पुन्हा फाईलपुरतेच वाचले जाईल. वकील अशिलाचा असतो तसा न्यायालयाचाही अधिकारी असतो. अशिलाच्या विरुद्ध जाणारा नियम माहीत असताना तो न्यायालयापासून लपवता येत नाही, हे तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. तो मुंबईला गेला.

न्यायाधिकरणात दोन सदस्य असतात, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. न्यायिक सदस्य निवृत्त न्यायाधीश असतात, प्रशासकीय सदस्य बहुधा निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी. वकील उभा राहिला आणि म्हणाला की सरकारचा विरोध शपथपत्रात आहे आणि तो मी मागे घेतलेला नाही, तसा मला अधिकार नाही. मग त्याने नियम वाचायला सुरुवात केली. पाचवा वाचला, नववा वाचला, चौदावा वाचला. भरतीच्या वेळचा कागद दाखवला. बोर्डाचा कागद दाखवला.

“म्हणजे तुमचा विरोध आहे की नाही?” न्यायिक सदस्यांनी विचारले.

“विरोध कागदावर आहे. त्याला या नियमांत आधार सापडत नाही, हेही मला सांगितले पाहिजे.”

यानंतर त्याने केलेली गोष्ट मला या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारचे ३१ जानेवारी २००१ चे एक पत्र आहे. १ जानेवारी १९९६ पासून, अपंगत्वामुळे सेवेतून बाहेर पडावे लागलेल्या सैनिकाचे अपंगत्व ५० टक्क्यांपेक्षा कमी असले तरी पेन्शनसाठी ते ५० टक्के धरायचे, असे त्यात आहे. म्हणजे या जवानाच्या २० टक्क्यांचे ५० होत होते. त्याच्या तरुण वकिलाने ही मागणी केलेलीच नव्हती. त्याला ते पत्र ठाऊक नसावे. सरकारच्या वकिलाने पत्राची प्रत पुढे केली.

प्रशासकीय सदस्य म्हणाले, “हे तर त्यांनी मागितलेलेच नाही.”

“पत्र माझ्याच अशिलाचे आहे,” वकील म्हणाला.

आणि मग त्याच श्वासात त्याने सरकारच्या हिताचा मुद्दाही मांडला. तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरवून दिले आहे की पेन्शनचा दावा उशिरा आला तरी तो फेटाळू नये, पण थकबाकी साधारणपणे अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचीच द्यावी. ती मर्यादा लावावी, अशी विनंती त्याने केली. त्याला तीही गिळून टाकता आली असती. पण सरकारच्या विरुद्धचा नियम सांगायचा आणि बाजूचा लपवायचा, हा पुन्हा अर्धाच कायदा झाला असता.

खंडपीठाने दावा मान्य केला. २० टक्क्यांचे ५० धरून आयुष्यभराची पेन्शन, आणि तीन वर्षांची थकबाकी.

बाहेर आल्यावर तरुण वकिलाने बाईला निकाल समजावला. ती ऐकत राहिली आणि मग थेट सरकारच्या वकिलाकडे आली.

“तीनच सालाचे कायले, बाबू?”

“ते मीच मागितलं, मावशी. कायद्यात तसं आहे.”

“आनि हे पेन्शन?”

“तेही कायद्यातच होतं. पहिल्या दिवसापासून होतं.”

“मंग आधी कायले नाई सांगतलं कोनी?”

तिचा नवरा बाकावर शांत बसून होता. वकिलाने त्याला सलाम केला. बाईच्या प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि त्याने ते रचून सांगितलेही नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. यादीतल्या त्याच्या नेमणुकीची मुदत संपली तेव्हा ती वाढवली गेली नाही. कारण कळवले गेले नाही, तसे कळवण्याची पद्धतही नाही. आधीच फायली कमी येऊ लागल्या होत्या. त्याने तक्रार केली नाही. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाच्या टक्केवारीची ही सवलत नाकारण्यासाठी सरकारने केलेल्या अपिलांचा गठ्ठाच फेटाळून लावला, आणि पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही ती मिळाली. २०१५ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी खटले आणि तक्रारी कमी कशा करता येतील हे बघायला तज्ज्ञांची समिती नेमली. कारगिलमध्ये जायबंदी झालेले एक मेजरही तिच्यात होते. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि अपंग सैनिकांच्या पेन्शनविरुद्ध सरकारने लढणे सोडावे असे सांगितले. वकिलाने तो अहवाल पूर्ण वाचला. त्यातले पुष्कळसे त्याने दोन वर्षांपूर्वी आपल्या अभिप्रायात लिहिले होते. त्याने ते कोणाला सांगितले नाही.

आता तो धानोऱ्यात राहतो. बाजाराच्या दिवशी एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून बसतो. तिथे जे लोक येतात त्यांत लष्करातले थोडे आणि पोलीस, सीआरपीएफ यांच्या घरचे जास्त, कारण या तालुक्यातली नक्षलवाद्यांशी लढाई त्यांनी लढली. १ फेब्रुवारी २००९ ला मरकेगावजवळ १५ पोलीस मारले गेले. त्याच वर्षी २१ मे रोजी हत्तीगोट्याजवळ १६ पोलीस गेले, त्यांत पाच महिला होत्या. मार्च २०१२ मध्ये पुस्टोल्याजवळ सीआरपीएफची बस सुरुंगाने उडवली गेली. या घरांतली माणसे वकिलाला विचारतात की आमचेही गेले ते जवानच, मग आम्ही सैनिकांच्या कोर्टात जायचे का? नाही, असे त्याला सांगावे लागते. सशस्त्र दल न्यायाधिकरण भूदल, नौदल आणि हवाई दलापुरते आहे. सीआरपीएफमधून निवृत्त झालेल्याला कायद्याने ‘माजी सैनिक’ म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी गृह मंत्रालयाने २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये वेगळी ओळख ठरवली. त्यांचे दावे उच्च न्यायालयात, पोलिसांचे राज्य सरकारकडे. एकाच रस्त्यावर, एकाच शत्रूशी लढून मेलेल्यांच्या बायकांना वेगवेगळी दारे ठोठावावी लागतात. हा भेद मला मनापासून खटकतो, आणि तो संसदेनेच मिटवायला हवा.

वकील प्रत्येकाला आधी एकच सांगतो, घरातले सगळे कागद आणा. इंग्रजीतले तर नक्कीच आणा. मग तो त्यांच्यासमोर बसून प्रत्येक ओळ मराठीत वाचतो, आणि एखाद्या म्हातारीला मराठीही अवघड गेली तर शेजारच्या कोणाकडून गोंडीत सांगवतो. दावा टिकणारा नसेल तर तेही तोंडावर सांगतो, आणि का टिकणार नाही तो नियम वाचून दाखवतो. नियमही बदलत गेले आहेत. २००८ साली एकदा बदलले, २०२३ साली पुन्हा. कोणता माणूस कोणत्या साली घरी आला त्यावर त्याला कोणता नियम लागू पडेल ते ठरते. त्यामुळे शेजाऱ्याला मिळाले म्हणजे आपल्यालाही मिळेल, किंवा त्याला नाकारले म्हणजे आपले संपले, असे धरून चालत नाही.

वाचकहो, तुमच्या घरात, वाड्यात, गावात एखाद्या जुन्या जवानाचे डिस्चार्ज बुक किंवा नामंजुरीचे पत्र पडून असेल तर ते या आठवड्यातच काढा आणि पूर्ण वाचून घ्या. थकबाकी साधारणपणे तीनच वर्षांची मिळते, म्हणून उशिराच्या प्रत्येक महिन्याचे पैसे बुडतात. सल्ल्यासाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. २०२५ च्या जुलैत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, आणि सैनिक कल्याणाच्या कार्यालयांतच कायद्याचा सल्ला मिळावा हा तिचा हेतू आहे. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कोणत्याही माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. अर्ज मराठीत चालतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे तिथल्या कर्मचाऱ्यानेच लिहून घ्यायचे असते.